वॉर रेक्विएम: आईला घेऊन जाऊ का?

साळुंकी
नमस्कार मंडळी. फार दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी गेली नऊ वर्षं कॉव्हेंट्रीत राहते. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या समूहात, शिरले. चाचणीला "काहीही म्हणा" म्हणाले तेव्हा शाळेतली प्रार्थना म्हटली, तरी घेतलं. त्यांच्याकडे अल्टो, म्हणजे बायकांचे खालच्या पट्टीतले, आवाज कमी होते, एवढंच कारण. या वर्षी आम्ही इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं 'वॉर रेक्विएम' करतोय.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे गाव भाजून काढलं. त्यात सेंट मायकेलचं जुनं कॅथेड्रल जळालं, बाहेरच्या भिंती आणि मनोरा तेवढा उरला. त्या भिंती तशाच ठेवून शेजारी नवं कॅथेड्रल उभं केलं आणि त्याच्या अर्पणसोहळ्यासाठी ब्रिटनकडून ही रचना करून घेतली. पहिला प्रयोग ३० मे १९६२ चा. मृतांसाठीच्या मिस्सेचा (कॅथलिक उपासनेचा) लॅटिन मजकूर सोप्रानो (वरच्या पट्टीतली गायिका), मोठा कॉयर आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्याकडे. लांब कुठेतरी, जवळजवळ दिसणार नाहीत असे, लहान मुलगे. आणि मधेमधे टेनर आणि बॅरिटोन (पुरुषांचा वरचा आणि मधला आवाज) हे दोन सैनिक फक्त बारा वादकांच्या साथीनं विल्फ्रेड ओवेनच्या इंग्रजी कविता गातात. ओवेन पहिल्या महायुद्धातला. ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला, वय पंचवीस, युद्ध संपायला एक आठवडा राहिला होता. त्याच्या मृत्यूची तार आईच्या हातात पडली ती ११ तारखेला, गावात युद्धबंदीच्या घंटा वाजत होत्या तेव्हा.

माझे प्रश्न दोन.

एक, याला भक्तिसंगीत म्हणायचं का? आम्ही म्हणतो "यांना चिरविश्रांती दे", की लगेच टेनर उठून विचारतो, गुरांसारखी मेली त्यांच्यासाठी कसल्या घंटा वाजवताय? तालमीत मला कळतच नाही की मी प्रार्थना करतेय की माझीच थट्टा चाललीय.

दोन, हा जास्त निकडीचा. आई सहा महिन्यांसाठी आलीय. वय ७२, सातारा जिल्ह्यातलं खेडं, चाळीस वर्षं भजनी मंडळात. कार्यक्रम जवळजवळ दीड तासाचा, मध्यंतर नाही, भाषा लॅटिन आणि इंग्रजी. घेऊन जाऊ का? नवरा म्हणतो, त्यापेक्षा बागेत ने, ट्युलिप आलेत.

बोरूबहाद्दर
पहिला! बाकी सावकाश वाचतो.

चष्मिष्ट
घेऊन जाच. पण आधी घरी १९६३ ची डेक्का कंपनीची ध्वनिमुद्रिका ऐकवा. ब्रिटन स्वतः वाद्यवृंदासमोर उभा आहे आणि ज्या तीन गळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून त्यानं हे लिहिलं ते तिघं त्यात एकत्र सापडतात. इंग्रज पीटर पिअर्स, जर्मन डीट्रिश फिशर-डीस्काऊ आणि रशियन गालिना विष्णेव्स्काया. एकमेकांच्या गावांवर बॉम्ब टाकलेल्या देशांतली माणसं एका व्यासपीठावर आणायची, हा बेत. पण पहिल्या प्रयोगाच्या वेळी सोव्हिएत सरकारनं विष्णेव्स्कायाला सोडलंच नाही. ऐनवेळी हेदर हार्परनं तो भाग दहा दिवसांत बसवला. दहा! आम्ही गॅदरिंगचं एकांकी नाटक दोन महिने बसवायचो, तरी विंगेतला प्रॉम्प्टर नायकापेक्षा जास्त ऐकू यायचा.

फिशर-डीस्काऊ पोरवयात जर्मन सैन्यात होता, इटलीत अमेरिकनांच्या कैदेत पडला. त्याचा अपंग भाऊ नाझींच्या राज्यात एका संस्थेत उपासमारीनं मेला. या माणसाला शेवटच्या कवितेत पिअर्सला सांगायचं असतं की तू ज्याला मारलंस तो शत्रू मी, मित्रा. प्रयोग संपल्यावर त्याला रडू आवरेना, जागेवरून उठता येईना.

ती मुद्रिका पाच महिन्यांत दोन लाख खपली. नव्या अभिजात संगीताच्या दुकानात असा खप कुणी पाहिला नव्हता.

बोरूबहाद्दर
वाचलं. शंका: 'रेक्विएम' की 'रिक्वियम'? शुद्धलेखन समिती कुठे गेली?

वसईकरीण
लॅटिन उच्चार रेक्विएम. आमच्याकडे सरळ 'मृतांसाठी मिस्सा' म्हणतात आणि वाद मिटतो.

साळुंकी, एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेलच. कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल अँग्लिकन आहे, कॅथलिक नाही. म्हणजे हा मजकूर त्या घरचाही नव्हे! ब्रिटननं तो उपासनेसाठी घेतलाच नाही असं मला वाटतं. शतकानुशतकं मेलेल्या माणसासमोर युरोप जे शब्द म्हणत आला ते त्यानं उचलले आणि विचारलं, हे अजून पुरतात का? मला ही थट्टा वाटत नाही. आमच्या बायबलात अख्खा ईयोब आहे देवाला जाब विचारणारा, त्याला कुणी पुस्तकाबाहेर काढला नाही.

पाटणकाकू
भजनी मंडळातल्या बाईला देवाशी भांडण नवं वाटेल अशी चिंता तुला का पडली बाळा? जनाबाईनं विठ्याला काय काय ऐकवलंय ते तुझी आई तुझ्यापेक्षा जास्त जाणते. घेऊन जा. पाठीला उशी ने, त्या चर्चमधले बाक फार वाईट असतात. मी लेकाकडे गेले होते तेव्हा पाहिलेत.

तीव्रमध्यम
गेली वीस वर्षं शास्त्रीय शिकतोय (शिकवत नाही, ही नम्र सूचना). काल रात्री पूर्ण ऐकलं. पहिल्याच मिनिटात घंटा वाजतात त्यात दोन सूर आहेत. पांढरी एकला सा धरला तर सा आणि तीव्र मध्यम. पुढचा दीड तास ही जोडी पाठ सोडत नाही. पाश्चात्य लोक याला सैतानाचा सूर म्हणतात असं वाचलं. मला हसू आलं. त्यांचा सैतान आमच्याकडे रोज संध्याकाळी यमनात बसून देवाची आरती करतो!

चष्मिष्ट
मध्ययुगात चर्चनं त्यावर बंदी घातली होती ही ऐकीव गोष्ट आहे. ते सैतानी नाव छापील ग्रंथांत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतं. पूर्वी तो गाताना टाळत, कारण पकडायला अवघड. एवढंच.

तीव्रमध्यम
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. यमनाचा विनोदही अर्धाच खरा आहे, आपलं आपणच कबूल करतो. यमनात तीव्र म थांबत नाही, प वर जायला निघालेला असतो. इथे त्याला प कुणी देतच नाही. सा आणि तीव्र म नुसते समोरासमोर उभे, कोणी कोणाला ओलांडत नाही.

पण एक जागा सांगतो. पहिल्या भागाच्या शेवटी, 'दिएस इरे' या दुसऱ्या भागाच्या शेवटी आणि अगदी अखेरीस, अशा तीन वेळा कॉयर वाद्यांशिवाय हळू गातो आणि तो तीव्र म अर्धी पायरी उतरून शुद्ध म वर येऊन बसतो. मला एकदम ललत आठवला. दोन्ही मध्यम शेजारी. पहाटेचा राग. उजाडेल की नाही याची खात्री नसते तेव्हाचा.

साळुंकी
तीव्रमध्यम, तुम्ही माझे तीन महिने वाचवले असते! आमचे कंडक्टर त्याच तीन जागांवर घामाघूम होतात. सुरुवातीला आम्ही त्याच दोन सुरांवर नुसतं पुटपुटायचं असतं आणि आधाराला फक्त घंटा. घंटेचा सूर म्हणजे भांड्याचा आवाज, त्यातून नेमका सूर उचलायचा कसा? शेजारची बाई म्हणते, "ऐकू नकोस, आठव." आता ललत आठवेन.

आणि 'दिएस इरे', म्हणजे कोपाचा दिवस, सात मात्रांचा आहे. सगळे ब्रिटिश बोटं मोजत चुकत होते, मी मनात रूपक धरला आणि सुटले. लहानपणी हार्मोनियमच्या क्लासला मारून मुटकून पाठवलं त्याचे पैसे वसूल.

बोरूबहाद्दर
पहिल्या प्रयोगाला म्हणे दोन कंडक्टर होते? एका गाडीला दोन कंडक्टर, आणि तिकीट तरीही नाही?

चष्मिष्ट
होते. मोठा वाद्यवृंद आणि कॉयर मेरेडिथ डेव्हिसकडे, बारा जणांचा ताफा ब्रिटनकडे. ते बारा जण म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, हार्प, एक तालवादक आणि पाच तंतुवादक. कुठे सहा हॉर्न-चार ट्रम्पेटांचा दणका आणि कुठे हे. सैनिकाला साथ अशीच तुटपुंजी हवी, खंदकात मावेल एवढी.

अर्धवटराव
सगळे गहिवरलेत म्हणून विरोधी बाकावर मी बसतो.

ब्रिटन १९३९ मध्ये इंग्लंड सोडून अमेरिकेत गेला, १९४२ मध्ये परतला आणि शस्त्र धरणार नाही म्हणून सैन्यातून सूट मिळवली. हिटलर हार्पनं थांबला नाही. रणगाडे आणि मेलेली माणसं यांनी थांबला. ज्यांनी लढून ते कॅथेड्रल पुन्हा बांधण्याजोगा देश शिल्लक ठेवला, त्यांच्या खर्चानं "युद्ध वाईट असतं" हे सांगायला काय जातं? शिवाय ओवेनच्या कविता पहिल्या महायुद्धाच्या, कॅथेड्रल जळालं दुसऱ्यात. ही दोन युद्धं एका मापानं मोजायची? संगीतकार स्ट्राविन्स्कीनंही या रचनेच्या भाविक कौतुकाची टर उडवली होती, तो काही मूर्ख नव्हता.

आणि आईंना काय कळणार त्यात? बागेत न्या.

पाटणकाकू
शेवटचं वाक्य मागे घ्या. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा.

निवृत्तसुभेदार
मी संगीतातला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं. नातवानं हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

अर्धवटराव, तुमचं अर्धं म्हणणं मान्य. आम्ही नसतो तर गाणी म्हणायला जागा राहिली नसती. पण युद्ध वाईट असतं हे सांगायचा हक्क फक्त लढणाऱ्याचा, असं म्हणाल तर ओवेन लढणाराच होता की. आजारी पडून इस्पितळात गेला, बरा झाला, परत फळीवर गेला, शौर्यपदक मिळवलं आणि मेला. शब्द त्याचे आहेत. दुसऱ्यानं चाल लावली, एवढंच.

आमच्या भागात फार गावांत एक संगमरवरी पाटी असते. चावडीला, नाहीतर शाळेच्या भिंतीला. इंग्रजीत लिहिलेलं असतं की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यातली इतकी कामी आली. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गावच आहे, तिथली ४६ माणसं त्या युद्धात गेली. पाटीवर नावं नसतात. नुसता आकडा. आमच्या दोन जुन्या पलटणी, १०३ आणि ११० मराठा, इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. घोडे खाऊन दिवस काढले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढं तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालवत नेलं, त्यात किती वाटेत पडले ते कुणी गाण्यात घातलेलं नाही.

मी ते ऐकलं. सगळं समजलं नाही. त्या म्हाताऱ्याच्या गोष्टीपाशी थांबलो. ते काय होतं कुणी सांगेल का?

चष्मिष्ट
सुभेदारसाहेब, ती जागा ओळखलीत, साष्टांग. बायबलमध्ये अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून मुलगा इसहाकचा बळी द्यायला निघतो. सुरी उचलतो तोच देवदूत थांबवतो, आणि मुलाऐवजी मेंढा कापला जातो. कॉयर त्याच वेळी मोठ्या दिमाखात गात असतो की अब्राहामाला आणि त्याच्या वंशाला तू वचन दिलं होतंस. त्या फ्यूगचं (एकच चाल आवाज एकामागून एक उचलतात ती रचना) बीज ब्रिटननं आपल्याच १९५२ च्या अब्राहाम-इसहाकाच्या गाण्यातून घेतलंय. मग टेनर आणि बॅरिटोन ओवेनची कविता गातात. गोष्ट तीच, दूत येतो, मेंढा दाखवतो, सांगतो की तुझा अहंकार हाच मेंढा, त्याला काप. म्हातारा ऐकत नाही. पोराला मारतो, आणि युरोपातली अर्धी पोरं, एकेक करून.

पुढचं ऐका. ते "एकेक करून" हे शब्द दोघं पुन्हा पुन्हा गातात, आणि लांबून लहान मुलगे देवाला नैवेद्य अर्पण केल्याचं लॅटिन निरागस आवाजात म्हणत राहतात. दोघांना एकमेकांचं ऐकूच येत नाही. त्यानंतर तो वचनाचा फ्यूग परत येतो, पण उलटा केलेला, दबक्या आवाजात. देवाचं वचन तेच, ते म्हणायला तोंड उरलेलं नाही.

अर्धवटराव, ब्रिटननं मुखपृष्ठावरच ओवेनचं म्हणणं छापलंय: कवीला आज करता येण्यासारखं एकच, इशारा देणं. हिटलरला हार्पनं थांबवतो असा दावा त्यात कुठेच नाही. आणि हा माणूस १९४५ मध्ये यहुदी व्हायोलिनवादक मेन्युइनबरोबर बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेल्यांसमोर वाजवून आला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं असं समजू नका. रचना ज्या चार मित्रांना अर्पण केलीय त्यातला पिअर्स डंकर्ली (गायक पिअर्स वेगळा) एकटाच युद्धातून जिवंत परतला होता. १९५९ मध्ये त्यानं जीव दिला.

निवृत्तसुभेदार
चौथ्याचं समजलं. असे मी पाहिलेत.

पाटणकाकू
आपला चिलया बाळ आठवला. पण तिथे शंकर प्रसन्न होतो आणि पोर उठतं. उठलं नाही तर ती गोष्ट कोणती आई सांगेल?

मेस्ताचोनातू
गोव्याहून. माझा आजा गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) मेस्त होता, म्हणजे कॉयर शिकवणारा. व्हायोलिन, सोल्फेज (स्वरवाचन), लॅटिन, सगळं त्याच्याकडे. त्याच्या वेळी दफनाला खरोखरच 'दिएस इरे' गायचे, आणि शवपेटीभोवती उभं राहून 'लिबेरा मे', मला सोडव, त्या भयंकर दिवशी. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर उपासना लोकांच्या भाषेत आली आणि 'दिएस इरे' दफनविधीतून गेलं. फार भीती घालतं म्हणून. म्हणजे मौज बघा, १९६२ मध्ये ब्रिटननं ज्या मिस्सेला प्रश्न विचारला ती थोड्याच वर्षांत चर्चनंही बदलली. आजाला ते आवडलं नव्हतं. तो म्हणायचा, मेलेल्यासाठी नाय रे, उरलेल्यांनी भ्यावं म्हणून ते होतं.

मला 'लिबेरा मे'चा भाग सहन झाला नाही. नुसत्या ढोलावर सुरू होतो, पावलं ओढत चालल्यासारखा, मग वेग वाढत वाढत जातो आणि शेवटी मोठं ऑर्गन कोसळतं. तिथे मी हेडफोन काढले. दहा मिनिटांनी परत लावले.

ड्रेसडेनकर
मी कामानिमित्त ड्रेसडेनमध्ये. कॉव्हेंट्रीचं जुळं शहर. इथे १३ फेब्रुवारीला रात्री गावातल्या सगळ्या चर्चच्या घंटा एकदम वाजतात, १९४५ मध्ये त्या रात्री विमानं आली म्हणून. पहिल्या वर्षी मला कळेना काय झालं, मी गॅलरीत येऊन उभा राहिलो. शेजारचे म्हातारे आजोबाही उभे होते. दोघं काही बोललो नाही. इथलं फ्राउएनकिर्श नव्यानं बांधलं तेव्हा त्याच्या घुमटावरचा क्रूस एका ब्रिटिश सोनारानं घडवला. त्याचा बाप त्या बॉम्ब टाकणाऱ्या विमानात होता.

ज्यांना "दोन युद्धं एका मापानं" वगैरे वाटतं त्यांनी एकदा या घंटा ऐकाव्यात. माप वगैरे आठवत नाही.

अर्धवटराव
काकूंचं ऐकून आईंबद्दलचं वाक्य मागे घेतो. बाकी मतं जागेवर. पण 'आन्युस देई' (देवाचं कोकरू) हा भाग ऐकला काल, आणि तो मला आवडला हे नाइलाजानं नोंदवतो. छोटासा, पाच-पाचच्या तालात खुरडत चालल्यासारखा. टेनर आख्ख्या रचनेत इंग्रजीच गातो, फक्त या एका ठिकाणी शेवटी लॅटिनमध्ये येतो, "आम्हाला शांती दे". तेही मृतांच्या मिस्सेत नसलेलं वाक्य. तिथे "यांना" असतं, त्यानं "आम्हाला" केलं.

वसईकरीण
अर्धवटराव पूर्णराव होत चाललेत. सांभाळा.

रात्रपाळी
एक भारतीय धागा राहिला. ओवेनच्या खिशातल्या वहीत रवींद्रनाथांच्या गीतांजलीची ओळ सापडली होती. शेवटचा निरोप घेताना तीच ओळ तो आईला म्हणाला होता. १९२० मध्ये त्या आईनं रवींद्रनाथांना पत्र लिहून हे कळवलं. साळुंकी, तुझ्या आईला हे सांग, आवडेल.

अजून एक. 'सांक्टुस' (पवित्र, पवित्र) या भागात सोप्रानोच्या मागे घंटा-झांजांचा जो लखलखाट आहे तो ऐकून मला बालीचं गॅमेलान (घंटा-थाळ्यांचा वाद्यवृंद) आठवलं. ब्रिटन १९५५-५६ मध्ये भारत, बाली, जपान फिरून गेला होता. आणि तिथेच पुढे कॉयरमधला प्रत्येक जण आपल्या आपल्या लयीत पुटपुटतो ना? कुणी कुणाला धरून नाही, आणि आवाज चढत जातो.

साळुंकी
हो! ती एकच जागा जिथे कंडक्टर म्हणतात, "कृपा करून एकमेकांचं ऐकू नका." ते मात्र आम्हाला पहिल्या तालमीला जमलं.

ठरलं, आईला नेतेय. शनिवारी आहे. काकू, उशी बांधलीय.

बोरूबहाद्दर
धागा वर काढतोय. शनिवार होऊन आठ दिवस झाले. आई कुठे आहेत?

साळुंकी
माफी. कार्यक्रमानंतर मला सर्दी झाली, मग आवाजच गेला.

सांगते सगळं. शेजारच्या गावातलं मोठं चर्च होतं, थंडी होती. आई दुसऱ्या रांगेत, शाल, उशी, मोजे, आणि नवऱ्याच्या हातात मी मराठीत लिहून दिलेली चार पानं. नवरा आधी अर्धा तास तिला वाचून दाखवत होता. अब्राहामापाशी आल्यावर तिनं विचारलं, "मग उठलं का पोर?" तो नाही म्हणाला. "मग पुढं वाच," एवढंच.

आमचं गाणं बरं झालं. पहिल्या तीव्र मध्यमाला आम्ही अल्टो थोड्या खाली गेलो, तीव्रमध्यम, तुमची क्षमा मागते. 'लिबेरा मे'त एका टेनरच्या हातातलं पुस्तक पडलं, दणक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

शेवट तुम्हाला माहीतच आहे. दोघं सैनिक, मारणारा आणि मेलेला, "आता निजू या" असं परत परत म्हणतात. ओवेननं पहिल्या खर्ड्यात मेलेल्याला सरळ जर्मन म्हटलं होतं, नंतर नुसता शत्रू केला. तिथे मुलगे, सोप्रानो, आम्ही सगळे पहिल्यांदा एकत्र येतो, जणू अंगाई. आणि ती टिपेला पोचून निवत असताना घंटा मधे पडते, तेच दोन सूर. मग मुलगे, परत अंगाई, परत घंटा. सर्वांत शेवटी आम्ही हळू आमेन म्हणून तो शुद्ध मध्यम गाठतो. मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बराच वेळ.

गाडीत बसल्यावर आई गप्प. मला वाटलं झोप लागली. चौकाच्या सिग्नलला म्हणाली, "ती बारकी पोरं येवढी लांब का उभी केलीती?" मी म्हटलं, ती देवदूतांसारखी म्हणून. म्हणाली, "न्हाई. त्यांचा नंबर अजून आला न्हाई म्हणून."

मग घराजवळ आल्यावर म्हणाली, "आणि निजवलं नव्हं त्या दोघांना? मग सारखी घंटा कशाला बडवत हुते?"

मला उत्तर आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला येतं?

तीव्रमध्यम
नाही. वीस वर्षं शिकतोय आणि मी त्या घंटेला फक्त स्वर म्हणून ऐकलं.

अर्धवटराव
बागेचं वाक्य मी पुन्हा एकदा मागे घेतो. या वेळी काकूंनी न सांगता.

मेस्ताचोनातू
आजा असता तर त्याला हा प्रश्न नक्की आवडला असता. तो घंटेच्या दोरीवर पण वस्ताद होता.

निवृत्तसुभेदार
ताई, आईसाहेबांच्या गावातून कोणी गेलं होतं का? पाटी आहे का?

साळुंकी
आहे, काका. कार्यक्रमाआधी मला हे माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं तिनं. तिच्या आज्याचा थोरला भाऊ बसऱ्याच्या लढाईला गेला तो आलाच नाही. नाव तिला माहीत आहे, पाटीवर नाही. पाटी शाळेच्या भिंतीत आहे. मागं शाळेला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं तिच्यावरूनही ब्रश फिरवला, आता पांढऱ्यावर पांढरं, हात फिरवला तरच अक्षरं लागतात.

ऑगस्टमध्ये परत गेल्यावर रंग काढून घेणार म्हणतेय. संगमरवराला ओरखडा न येता ऑइलपेंट कसा काढायचा, माहीत असेल तर सांगा.

निवृत्तसुभेदार
आम्ल नसलेलं पेंट रिमूव्हर आधी एका कोपऱ्यात लावून पाहा, रंग मऊ झाला की लाकडी पट्टीनं हळू काढा. लोखंड लावू नका. मी सुट्टीत तिकडंच असतो, गावाचं नाव निरोपातून कळवा, येईन.